मोरावळ्याचा क्लास

सुलभा,

तुझ्या आठ बाटल्या अजून माझ्याकडेच आहेत. सात सीलबंद, आठवी अर्धी. वरच्या फळीवर साबुदाण्याच्या डब्यामागे, तू ठेव म्हणालीस तिथेच. मी उपास करत नाही, त्यामुळे तो डबा महिनोन् महिने जागचा हलत नाही, हे तुला ठाऊक होतं. आता तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि मी रोज सकाळी त्या फळीकडे न बघता चहा करते.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कशी टापटिपीची होतीस, नवरा गेल्यावर ब्लाउज शिवून एकटीने पोरीला कसं मोठं केलंस, तिचं लग्न कसं थाटात लावलंस. "न्यूमोनियाचं निमित्त झालं हो," असं तुझा भाऊ विनायक प्रत्येकाला सांगत होता. मी पंगतीत खाली मान घालून वरण-भात कालवत होते. कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, आम्ही एका क्लासला होतो. तुझी प्राची लगेच म्हणाली, या रजनीमावशी, आईच्या मुरांब्याच्या क्लासच्या. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, पण पान अर्धं होतं म्हणून बसून राहिले.

आपण खरं तर एका बाकावर भेटलो. घाटकोपरच्या सेंटरचा तो हिरवा बाक, एक पाय लंगडा. तू जोगेश्वरीहून एवढ्या लांब यायचीस, कारण तिकडच्या सेंटरला कुणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती. दोघींचे नवरे त्याच आजाराने गेलेले, दोघींना तो नवऱ्यांकडूनच आलेला, आणि दोघींच्या हातात एचआयव्हीचा तो नवा कोरा कागद. मी सगळ्या जगावर चिडून बसले होते. तू पिशवीतून संत्रं काढलंस, सोललंस आणि माझं नावगाव न विचारता अर्धं माझ्या हातात ठेवलंस. वर म्हणालीस, "बिया थुक खाली, नायतर पोटात झाड येईल." अशा ठिकाणी अशा वेळी कुणी असं बोलतं का? मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि तू दोन्हीची दखल न घेता उरलेलं संत्रं खात बसलीस.

त्या दिवशी सेंटरच्या फाटकात आपण ठरवलं. तुझं मी कुणाला सांगायचं नाही, माझं तू सांगायचं नाहीस. कुणाला म्हणजे कुणालाही. शपथ वगैरे घेतली नाही, नुसतं ठरवलं. एवढी वर्षं ते पाळलं. आपल्यासारख्यांना दुसरं काय येतं? गप्प बसणं एवढी एकच गोष्ट आपण नीट शिकलो होतो, आणि तीच माझ्या अंगाशी आली. माझ्या नाही, तुझ्या.

क्लासची थाप माझी. मी पोळ्या लाटते त्या पोळी-भाजी केंद्राच्या काकूंना, गोळ्या आणायला दर वेळी घ्यायच्या सुट्टीचं कारण काय सांगायचं? म्हटलं, सरबतं-मुरांब्यांचा क्लास लावलाय. तुला सांगितलं तर तू टाळीच दिलीस आणि घरी तेच कारण ठोकून दिलंस. पण तुझ्या घरी प्राची होती, शेजारणी होत्या. क्लासला जाते तर काहीतरी शिकून, करून आणायला हवं ना? म्हणून सेंटरमधून निघालं की आपण माझ्या खोलीवर यायचो, आणि दुपारभर खरोखरच क्लास चालायचा. हिवाळ्यात मोरावळा, उन्हाळ्यात कोकमाचं आगळ, जूनच्या शेवटाला जांभळाचं सरबत. संध्याकाळी तू बरणी पिशवीत घालून मेट्रोने घरी जायचीस. मी जन्मभर परक्यांसाठी पोळ्या लाटल्या, सुलू. माझ्या स्वतःच्या खोलीत हसत-खिदळत रांधणं मला त्या खोट्या क्लासने दिलं, आणि ते तू दिलंस.

बरणी रिकामी परत करायची नाही हा तुझा नियम. माझी बरणी तुझ्याकडे गेली की येताना त्यात काहीतरी असायचंच. मूठभर आमसुलं, नाहीतर सुके बोंबील, काहीच नसलं तर चमचाभर साखर. मोकळा डबा देऊ नये, घर मोकळं होतं, असं तुझी आजी सांगायची म्हणे. मी याला भिकाऱ्यांचे चोचले म्हणायचे, आणि तू बोंबील परत मागायचीस.

मग एका वर्षी त्या आहाराच्या मॅडम आल्या. मॅडम कसल्या, प्राचीच्या वयाची मुलगी. तिने सगळ्यांसमोर सफरचंद कापलं, एका फोडीला लिंबू लावलं, दुसरी तशीच ठेवली, आणि आपल्याला वजन करायला पाठवलं. परत येऊन बघतो तर बिनलिंबाची फोड तांबूस काळी आणि लिंबाची पांढरीशुभ्र. ती म्हणाली, आपल्या आजारात शरीराची आतून सतत झीज चालू असते, गोळीने विषाणू दबला तरी थोडी चालूच राहते. भाज्या-फळांमध्ये अँटिऑक्सिडंट असतात, ती ही झीज थोपवायला मदत करतात. म्हणून ताटात रंग हवेत. लाल माठ, गाजर, टोमॅटो, जांभूळ, आवळा, पेरू. मी म्हटलं, यात नवीन काय, आम्ही वांगं चिरून पाण्यात टाकतोच की. सगळे हसले. तू हसली नाहीस. तू त्या दोन फोडींकडे टक लावून बघत होतीस, आणि निघताना ती पांढरी फोड मॅडमकडून मागून घेतलीस.

तिने अजून एक गोष्ट सांगितली होती, आणि मला ती तिच्या आवाजासकट आठवते. ताई, हे सगळं गोळीच्या सोबत, गोळीच्या जागी नाही. विषाणूला फक्त गोळीच रोखते. तूही ऐकलंस. मान डोलावलीस. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

त्या दिवसापासून तू माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस. केंद्रात पालक हिरवागार दिसावा म्हणून मी चिमूटभर सोडा टाकते, हे कळल्यावर तू आठवडाभर फोन घेतला नाहीस. "तू भाजी शिजवत नाय गो, जीव घेतंस तिचो," हे तुझं वाक्य मी काकूंनाही ऐकवलं होतं. उकळी कमी कर, झाकण ठेव, चिरून धुऊ नको, धुऊन चीर. तुझ्या तोंडातले फोड गेले, गालांवर जरा मांस आलं, शिवणाच्या मशीनवर चार तास सलग बसू लागलीस. तू म्हणायचीस आवळ्याने. मी म्हणायचे गोळीने. हा आपला वाद कितीतरी वर्षं चालला, आणि त्यात मजा होती. तू मला गोळीवाली म्हणायचीस, मी तुला आवळी म्हणायचे.

आज वाटतं, तू साफ चूक असतीस तर बरं झालं असतं. साफ चूक असलेल्या माणसाला दोन शब्द सुनावता येतात. पण आवळ्याने तुला बरं वाटतच होतं. भाजीपाल्याने अंगात ताकद येतच होती. मॅडमनेच सांगितलेलं अर्धं खरं तू धरून बसलीस, आणि उरलेलं अर्धं कधी सोडलंस ते मला कळलंसुद्धा नाही.

कळलं ते दिवाळीनंतर. प्राची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला. तू एकटीच भरदुपारी माझ्या दारात. पिशवीतून दीड बाटली काढून ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, ठेव तुझ्याकडे. मला आधी वाटलं, जागा नाही म्हणून. मग तू सांगितलंस. प्राचीच्या सासूबाई बाळंतपणाला मदतीला येऊन राहणार. त्या बाईंनी आयुष्यभर इस्पितळात आयाचं काम केलेलं. बाटली बघितली, गोळी बघितली की ओळखणार. एका खोलीच्या घरात लपवायचं कुठे? तू त्याआधी गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवून बघितल्या होत्यास, तांदळात ठेवून बघितल्या होत्यास.

"सव्वा म्हयनो गो फक्त," तू म्हणालीस. "बाळंतीण न्हायली, विहीणबाई गेल्यो काय मगे घेतंय."

मी म्हटलं, वेडी आहेस का, एक दिवस चुकवायची नसते. माझ्याकडे ये रोज, इथे घे. जोगेश्वरीहून घाटकोपरला रोज? बाळंतिणीला टाकून? ते काही जमणारं नव्हतं, हे मलाही बोलता बोलताच कळलं. पुडीत बांधून ब्लाउजमध्ये ठेव म्हटलं. रोज एक पुडी. तू नकाराची मान हलवलीस. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी तुझा पहिला कागद आला तेव्हाही बघितली नव्हती.

"माका पोराक हात लावक देतीत काय गो, कळला तर?"

आपल्या हाताने, तेल लावल्याने, न्हाऊ घातल्याने बाळाला काही म्हणजे काही होत नाही. आपल्या दोघींना ते पाठ होतं. सेंटरच्या भिंतीवर चित्रांसकट लावलेलं होतं. पण भिंत जोगेश्वरीला तुझ्या घरी येणार नव्हती. घरी येणार होत्या विहीणबाई. मी बाटल्या उचलल्या आणि साबुदाण्यामागे ठेवल्या. तो दिवस मला परत मिळाला तर, सुलू, मी काय करीन? मी रोज स्वतःला विचारते. खरं सांगू? मला माहीत नाही.

मुलगी झाली. चिऊ. तू पाय लांब करून पाटावर बसलीयस, चिऊ तुझ्या नडग्यांवर पालथी, आणि तू तिच्या पाठीवर तेल जिरवतेयस, असा एक व्हिडिओ प्राचीने काढून मला पाठवला होता. तू तिला मालवणीत शिव्या देत होतीस आणि ती टाहो फोडत होती. मी तो अजून बघते. तेवढा सव्वा महिना तू जितकी सुखात होतीस तितकी मी तुला कधी बघितली नाही. मग मी चिडायचं कुणावर?

सव्वा महिना झाला. विहीणबाई गेल्या, पण दर चार दिवसांनी नातीला बघायला यायच्याच. जानेवारीत सेंटरची तारीख आली. तिथे गोळ्या किती उरल्या विचारतात, तू बिनदिक्कत म्हणालीस, संपल्या. नवीन तीन बाटल्या घेतल्यास, आणि माझ्या खोलीवर येऊन त्याही माझ्या हातात दिल्यास. मोरावळ्यासाठी आवळे तू टोचत होतीस आणि मी पाक बघत होते. मी म्हटलं, आता पुरे. आता मी सेंटरच्या काउन्सेलर मॅडमना सांगणार.

तू टोचणं थांबवलं नाहीस. म्हणालीस, बघ माका, काय झाला माका? उलट अंग हलका वाटता. पित्त नाय, झोप येता. बाळंतिणीसाठी रोज मेथी-शेपू शिजतो, मी तोच खाते, दोन पेरू खाते, आवळ्याचा रस घेते, झीज कसली? मी परत म्हटलं, सांगणार. मग तू मान वर केलीस.

"सांग जा. मगे मी हंय परत येवचंय नाय. सेंटराकय नाय नि तुझ्याकडेय नाय. आपला काय ठरलेला?"

पाक करपला त्या दिवशी. आपण दोघींनी तो करपलेला मोरावळा बरणीत भरला, आणि तू तो घेऊन गेलीस. मला वाटलं, सांगितलं तर ही खरंच यायची बंद होईल आणि मग नजरेआडच जाईल. नाही सांगितलं तर निदान दर तीन महिन्यांनी समोर तरी येईल, तेव्हा समजावू. हा माझा हिशोब. आज तो कुणाला ऐकवायचीसुद्धा लाज वाटते.

एप्रिलला आलीस तेव्हा वजन उतरलेलं होतं. तोंडात पुन्हा फोड, आगळाचा थेंब लागला तरी कळवळत होतीस. उन्हाळा आहे, म्हणालीस. सेंटरला विचारलं तर बाळंतपणाची दगदग म्हणालीस. तपासणीला रक्त द्यायचं होतं ते पुढच्या वेळी म्हणून टाळलंस. आणखी तीन बाटल्या साबुदाण्यामागे गेल्या. त्या दिवशी माझा नंबर तुझ्यानंतर होता. काउन्सेलर मॅडमनी माझा कागद भरता भरता सहज विचारलं, तुमची मैत्रीण जरा उतरल्यासारखी वाटली, गोळ्या नीट घेते ना? दार बंद होतं. तू बाहेर बाकावर होतीस. कुणी मला अडवणार नव्हतं.

"झकास आहे ती," मी म्हणाले.

एवढंच. एका शब्दाचं काम होतं आणि मी दुसराच शब्द बोलले. तोंडाला सवयच ती. आजवर कितीजणांनी कितीदा तुझ्याबद्दल, माझ्याबद्दल विचारलं असेल, आणि दर वेळी मी झकास म्हणून मोकळी झालेली. जीभ विचार करायला थांबलीच नाही. बाहेर आल्यावर तू विचारलंस, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही. तू माझा हात दाबलास. तुला कळलं होतं. तू आभार मानत होतीस माझे, सुलू.

जांभळं आली तेव्हा तू आली नाहीस. फोनवर खोकला ऐकू यायचा. मी सकाळ-संध्याकाळ एकच विचारायचे, सुरू केलीस का? आणि तू म्हणायचीस, उद्या येऊन घेऊन जाते बाटली. मीच घेऊन येते म्हटलं तर नको, विहीणबाई आहेत. तरी मी एकदा आलेच, पदराखाली अर्धी बाटली घेऊन. तू अंथरुणावर, चिऊ तुझ्या उशाशी रांगत होती, प्राची, विहीणबाई सगळ्या जणी समोर. मला चहा दिला, पोहे दिले. तासभर बसले आणि बाटली तशीच परत आणली. निघताना तू म्हणालीस, चिऊनं आज माझी टिकली काढली.

इस्पितळात पोहोचलीस तेव्हा छाती पार भरलेली होती. रोगाशी लढणाऱ्या पेशी किती उरल्यात ते डॉक्टरांनी विनायकला बाजूला घेऊन सांगितलं. नंतर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. आधी छातीचं बघू, गोळ्यांचं मागाहून, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्या गोळ्या मी इतके महिने फळीवर सांभाळल्या, त्या तेव्हा नेऊनही उपयोग नव्हता.

तिथल्याच व्हरांड्यात विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, तुम्हाला माहीत होतं ना? मी पिशवीचे बंद नीट केले. त्या म्हणाल्या, मला लग्नाच्या बोलणीपासून संशय होता. तीन तीन महिन्यांनी एकदा, आणि तोही कामाच्या दिवशी, असा मुरांब्याचा क्लास कुठे असतो का हो? मी वॉर्डात जन्म काढलाय.

"आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना? गोळ्या घेत असतील असंच धरून चालले होते मी. म्हणून तर बिनघोर नात दिली त्यांच्या हातात."

असं त्या म्हणाल्या. त्यांच्यावर आवाज चढवावासा वाटला, की मग आधी का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर? पण कुठल्या तोंडाने विचारू? त्यांनाही वाटलं असेल, बाईची लाज आहे, आपण कशाला उघडी पाडा. त्याही तुझ्यासाठीच गप्प बसल्या होत्या. तुझ्या भोवती एवढी चांगली माणसं होती, सुलू, आणि सगळी तोंड मिटून.

मी तुला हे सांगितलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत ते सांगून तुला काय मिळणार होतं? तू मोरावळा मागितलास, म्हणून मी घेऊन आले. घशात फोड, गिळणं शक्यच नव्हतं. झाकण काढून बरणी तुझ्या नाकापाशी धरली. तू डोळे मिटून वास घेतलास आणि म्हणालीस, "वेलची कमी घातलंस." मला हसू आलं. मग तू विचारलंस, "बाटल्यो आसत मां?" मी म्हटलं, आहेत. "ठेव. बरी झालंय काय घेतंय." आणि मी, गोळीवाली, एवढी वर्षं तुझ्याशी भांडलेली, काय म्हणाले माहितीय? म्हणाले, बरं. ओल्या फडक्याने तुझे ओठ पुसले आणि बरणीचं झाकण लावलं.

गेल्या सोमवारी माझी सेंटरची तारीख होती. आठही बाटल्या पिशवीत घातल्या. म्हटलं, मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या आणि सगळं सांगायचं, निदान आता तरी. बाकावर माझ्या शेजारी एक नवीन पोरगी बसली होती, हातात कागद, डोळे सुजलेले. माझ्या पिशवीत बाटल्यांशिवाय काही नव्हतं. संत्रं आठवलं, पण आणलं नव्हतं. आत गेले तर मॅडमच म्हणाल्या, कळलं आम्हाला, वाईट झालं. मी नुसती मान हलवली, माझ्या तीन बाटल्या घेतल्या आणि तुझ्या आठ परत घेऊन आले. माझी गोळी आणि तुझी गोळी एकच, तेच झाकण, तीच चिठ्ठी. मी रोज रात्री जेवल्यावर माझी घेते. रोज मोरावळ्यातला एक आवळाही खाते, तू चिडवायला नसलीस तरी. बघ, दोन्ही घेते. हे तुला दाखवायचं होतं.

हे लिहायला बसले ते काल प्राची येऊन गेली म्हणून. चिऊला कडेवर घेऊन आली होती. तुझ्या घरातली माझी बरणी परत करायला. मी झाकण उघडलं तर आत चार चमचे साखर. म्हणाली, आई म्हणायची मोकळी द्यायची नाही. चिऊने माझ्या स्वयंपाकघरात सगळीकडे बोट दाखवलं, आणि साबुदाण्याचा डबा तिला हवा झाला. मी तिला दुसरीकडे वळवली.

चहा झाल्यावर प्राची जरा घुटमळली. मग म्हणाली, मावशी, मला तुमच्या त्या क्लासला यायचंय. आईचा मोरावळा मला येत नाही, मी कधी शिकलेच नाही. मी म्हटलं, क्लास बंद झाला गं, पण मोरावळा मी शिकवीन, थंडीत ये, आवळे घेऊन ये. ती हो म्हणाली. चिऊच्या झबल्याची नाडी उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"आई नेहमी म्हणायची, तो क्लास आहे म्हणून मी उभी आहे. मग नंतर नंतर तिचं त्यातलं लक्ष का उडालं, मावशी? माझ्या बाळंतपणामुळे का?"

चिऊ तिच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. तुझी टिकली काढायची तसा हात तिने माझ्या कपाळाकडे केला.

मी म्हटलं, नाही गं. तुझ्यामुळे नाही.

सुलू, या खेपेला तरी माझं बरोबर होतं ना?